यंत्र परदेशी, हात कुणाचे?

प्रश्न : वडिलांची प्रोस्टेटची शस्त्रक्रिया नवी मुंबईतील एका रुग्णालयात रोबोटने करण्याचा सल्ला मिळाला आहे. यंत्र अमेरिकी आहे. ते परदेशातून चालवले जाईल का आणि मध्येच संपर्क तुटला तर काय?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे; ‘रोबोट’ या शब्दानेच निम्मा घोळ घातला आहे. नेहमीच्या शस्त्रक्रियेत शल्यविशारद त्याच खोलीत, रुग्णापासून काही फुटांवरच्या कन्सोलपाशी, म्हणजे यंत्र चालवण्याच्या पडदा आणि हातदांडे असलेल्या मेजापाशी, बसलेले असतात. त्यांची बोटे वळतात तशी रुग्णाच्या पोटातील बारीक अवजारे वळतात, आणि त्यांनी डोळे कन्सोलवरून बाजूला केले की यंत्र जागीच थांबते. यंत्र स्वतःहून एकही छेद घेत नाही.

दुरून शस्त्रक्रिया झालेली आहे, हेही खरे. ७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्त्रासबूर येथील महिलेचे पित्ताशय काढले. त्यासाठी खास फायबरची जोडणी राखून ठेवली होती, आणि वेळ पडल्यास हाती घ्यायला रुग्णापाशी डॉक्टर उभे होते. आपल्या वडिलांच्या बाबतीत असा प्रश्न सहसा येणारच नाही.

देशांमधील खरे सहकार्य प्रशिक्षण, देखभाल आणि परवान्यांत असते. परदेशी मान्यता असली, तरी येथील विक्रीसाठी भारताच्या २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार वेगळा परवाना लागतो.

मी आपल्या जागी असतो, तर यंत्राच्या देशाऐवजी एवढेच विचारले असते : या डॉक्टरांनी हीच शस्त्रक्रिया याच यंत्रावर किती वेळा केली आहे, आणि यंत्र अडल्यास दुर्बिणीने किंवा पोट उघडून ती पुरी करणारे तेच आहेत का?