मुलगी नववीत आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. बेळगावात सुट्टीतल्या चार दिवसांच्या ‘मेडिकल सायन्स लॅब’ वर्गाला पैसे भरून घालावं का?

मी डॉक्टर नाही, मास्तरही नाही. बेळगावात माझं मटणाचं दुकान आहे. पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्समधून केलं आणि वडलांच्या गल्ल्यावर बसलो. तरी लिहितोय, कारण तुम्ही त्या वर्गाची जाहिरात प्रश्नात उतरवलीय आणि तीत ‘खऱ्या हृदयाचं विच्छेदन’ असं ठळक छापलंय. ते हृदय आमच्यासारख्याच्याच दुकानातून जातं.

शहराबाहेरच्या एका हायस्कुलातले सायन्सचे सर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. एकदा म्हणाले, दहावीच्या पोरांना बकऱ्याचं हृदय दाखवायचंय, पाच-सहा मिळतील काय? म्हटलं मिळतील की, पण शनिवारी. शनिवारी त्यांची सकाळची शाळा, आणि निम्मी गल्ली शनिवार पाळते म्हणून मलाही सवड.

यात एक गोम आहे. दुकानात हृदय अख्खं राहत नाही. फोफशाबरोबर ते बाहेर निघतं, आम्ही सवयीनं सुरीची चीर देऊन आतलं गोठलेलं रक्त काढतो आणि वरच्या नळ्या मुळापासून छाटून टाकतो, नळ्या कोण खातंय? असलं हृदय शाळेत नेलं तर पोरांना मांसाचा गोळा दिसणार, दुसरं काही नाही. म्हणून त्या दिवशी मी स्वतः बसलो. नळ्या दोन-तीन बोटं लांब ठेवल्या, चीर दिली नाही, नळाचं पाणी त्या नळ्यांतूनच आत सोडून रक्ताच्या गाठी धुऊन काढल्या आणि बर्फाच्या डब्यात घालून घेऊन गेलो.

वर्गात सरांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले. पोरं हात मागं बांधून टेबलाभोवती उभी. एका पोरीनं विचारलं, “सर, ह्यातली डावी बाजू कुठली?” सर आकृती बघतात, हृदय फिरवतात, परत आकृती बघतात. मी दाराशी उभा होतो, राहवलं नाही. म्हटलं, “बाळ, अंगठ्यानं दाबून बघ. कडक लागेल ती डावी.” डाव्या कप्प्याला सगळ्या अंगात रक्त ढकलायचं असतंय, उजव्याला फक्त शेजारच्या फुफ्फुसात, म्हणून डावी भिंत दुप्पट-तिप्पट जाड. पोरीनं दाबलं, “होय की ओ” म्हणाली, आणि मागची पोरं एकेक करून पुढं घुसली. मग मी महाधमनीत, म्हणजे अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीत, वरून तांब्यानं पाणी ओतलं. आत तीन खिसे असतात. पाणी पडलं की ते फुगतात, एकमेकाला चिकटतात आणि पाणी वरच उभं राहतं. थोडं झिरपतं, ते हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतून. शेवटी चिरून दाखवलं तर झडपांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या दिसल्या. एक पोरगं त्या बोटानं ओढून तोडायला बघत होतं, तुटेनात. घंटा झाली तरी कोण हलेना.

पुढच्या वर्षी बंद. शाळेत मांस आणलं म्हणून काही पालकांनी तक्रार केली म्हणे. हेडमास्तरांनी प्लास्टिकचं मॉडेल आणलं आणि आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवलं. मला म्हणाले, “तुम्ही दुकान बघा, शिकवायचं आम्ही बघतो.” प्लास्टिकमध्ये डावी-उजवी सारखीच कडक लागते, हे त्यांना कोण सांगणार! ज्यांच्या घरात चालत नाही त्या पोरांनी बाजूला बसावं, माझी काही हरकत नाही, माझे शेजारीच जैन आहेत. पण म्हणून सगळ्या वर्गाला बंद? आणि विटंबना-बिटंबना कुणी बोलू नये. बेळगाव जिल्ह्यातल्या बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवरांनी देहदान केलं होतं, आणि २०१० साली त्यांच्या मुलानं, डॉ. महांतेश रामण्णवर यांनी, वडलांच्या इच्छेप्रमाणं बेळगावातच त्यांच्या देहाचं विच्छेदन करून शिकवलं. त्याच बेळगावाशेजारी बकऱ्याच्या हृदयाला पालक घाबरतात.

तर तुमचा वर्ग. पैसे भरायच्या आधी तिथं जाऊन विचारा, एका हृदयावर किती पोरं? दहा असतील तर दोघं कापतात आणि आठजण मोबाईलवर फोटो काढतात. मायक्रोस्कोप कोण फिरवतंय, पोरं की सर? गालाच्या आतून टूथपिक फिरवून, मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकून मुलीनं स्वतःच्या पेशी स्वतः शोधल्या पाहिजेत, तयार स्लाइडवर डोळा लावून पुढं सरकणं म्हणजे लॅब नव्हे. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप आणि सर्टिफिकेट देऊन फोटो काढत असतील तर घालू नका. केळ्याच्या सालीवर टाके घालायला शिकवतात म्हणे काही ठिकाणी. नववीत काय करायचंय ते?

मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेला ह्याचा उपयोग होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ७२० पैकी ३६० मार्क बायोलॉजीचे, पण सगळं गोल काळे करायचं काम, हातानं काही केलंय काय हे कोण विचारत नाही. उपयोग एकच, पोरीला हे खरंच आवडतंय की ‘डॉक्टर’ नुसतं तोंडात बसलंय, ते चार दिवसांत कळतं. माझ्या ओळखीतली दोन पोरं एमबीबीएसला गेल्यावर पहिल्या वर्षी कळलं की रक्त बघवत नाही.

हृदय कापून बघणं घरीही होतंय. ओळखीच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवा, चीर देऊ नका, नळ्या ठेवा. फ्रीजरमध्ये घालू नका, खालच्या कप्प्यात ठेवा, दुसऱ्या दिवशी वापरा. हातमोजे घाला, पाते मोठ्यांनी धरावं, नंतर साबणानं हात धुवा आणि ते हृदय कुणी शिजवू नका. बेडकाच्या नादाला लागायचं नाही. कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या यूजीसीनं २०१४ साली कॉलेजच्या प्राणिशास्त्रातलंसुद्धा विच्छेदन बंद करायला लावलंय, शाळेच्या पोरांनी तर नाहीच. वर्गात रक्तगट तपासणार असतील तर प्रत्येकाला नवी सुई आहे काय ते डोळ्यांनी बघा, नाहीतर मुलीला त्या दिवशी पाठवू नका.

फी किती ते तुम्ही लिहिलंच नाही, मग महाग की स्वस्त मी काय सांगू?