दर महिन्याला दिवाळी येईल का?

प्रश्न : आम्ही कराडचे. सासूबाईंच्या पद्धतीची साजूक तुपातली नानखटाई आणि नाचणीची बिस्किटे मी सहा वर्षे घरून विकते. एरवी महिन्याला ६० किलो, दिवाळीच्या महिन्यात ४०० किलो जातात. भाव किलोला ४८० रुपये. यजमान मागच्या महिन्यात ५८ पूर्ण होऊन कारखान्यातून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून २२ लाख आलेत. त्यातले १६ लाख घालून मोक्याच्या गाळ्यात बेकरी टाकावी म्हणतो. कर्ज नको, म्हणजे व्याजही नको. गाळ्याला ११ हजारांचे टोकन दिले आहे. करावे का?

उत्तर : ताई, गाळा आत्ता घेऊ नका. धंदा वाढवायला माझी ना नाही. पण तुमचा माल आज जागेवाचून किंवा भट्टीवाचून अडलेला दिसत नाही, आणि १६ लाख जाणार आहेत ते नेमके जागेवर आणि भट्टीवर.

वहीची पाने पाठवलीत हे फार बरे केलेत. तूप, मैदा, रवा, साखर, वेलची, डबा, लेबल, वीज सगळे धरून तुम्ही किलोला २७५ रुपये खर्च लिहिला आहे. त्यातले १९० एकट्या तुपाचे. वर्षाला १,०६० किलो, किलोमागे २०५ रुपये, म्हणजे २ लाख १७ हजार नफा, असा तुमचा हिशोब. या हिशोबात तुम्ही स्वतः कुठेच नाही. मळणे, वळणे, भाजणे, डबे भरणे यात किलोमागे पाऊण तास जातो असे तुम्हीच लिहिले आहे. तासाला ८० रुपये धरले तरी ६० रुपये झाले. तुटलेली, करपलेली आणि ‘चव बघा’ म्हणून वाटलेली बिस्किटे मिळून आणखी १५. खरा खर्च झाला ३५०, उरले १३०. वर्षाचे १ लाख ३८ हजार.

दिवाळीत जाऊबाई पंधरा दिवस तुमच्या शेजारी बसून बिस्किटे वळतात, त्यांची मजुरीही याच ६० रुपयांतली. आजवर दिली नसेल तर यंदापासून द्या आणि वहीत मांडा. कृती सासूबाईंची आहे, म्हणजे दोन्ही सुनांची. घरातले असले हिशोब धंदा लहान असतानाच गोडीने मिटतात. नंतर मिटवायला आलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता गाळा. तुमच्याच अंदाजाने भाडे १८ हजार, कारागीर १४ हजार, काउंटरवरची मुलगी ९ हजार, वीज ७ हजार, किरकोळ २ हजार. महिन्याला ५० हजार. कर्ज नाही म्हणून व्याज नाही, हे मला पटत नाही. हेच १६ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले तर हे लिहिताना चालू असलेल्या ८.२ टक्के दराने वर्षाला १ लाख ३१ हजार मिळतील, महिन्याला जवळपास ११ हजार. बेकरी टाकलीत की ते बुडाले, म्हणून तेही खर्चातच धरायचे. झाले ६१ हजार. मजुरी वर कारागिराच्या पगारात आलीच आहे, तेव्हा ३५० मधले ते ६० वगळून किलोमागे २९० वजा जाऊन १९० रुपये सुटतील. ६१ हजार भरून निघायला महिन्याला ३२० किलो खपायला हवेत, आणि तेवढे खपूनही तुमचा पगार शून्य. आज दिवाळी धरून तुमची सरासरी ८८ किलो पडते. थोडक्यात, आषाढातही दिवाळीसारखी गिऱ्हाइकी लागेल.

“बेकरी म्हटल्यावर बाकीचा मालही ठेवूच,” असे तुम्ही लिहिता. गाळ्यात येणारा माणूस पाव, खारी, टोस्ट आणि संध्याकाळी वाढदिवसाचा केक मागणार हे खरे. पण तो धंदा वेगळा. पाव पहाटे तयार लागतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी कुणी घेत नाही. तुमची नानखटाई डब्यात आठवडे टिकते, म्हणून तर घरून विकणे जमले. ज्याची चव गिऱ्हाईक तुमच्याकडे शोधत येते ते मागे पडेल आणि ज्यात गावातल्या जुन्या बेकऱ्या मुरलेल्या आहेत त्यात तुम्ही नवख्या उतराल.

यंदा दिवाळीच्या आधी भाव ५६० करा. तुम्हाला धाकधूक वाटेल. दहातले एक गिऱ्हाईक तुटले असे समजू. ९५४ किलोवर २१० रुपयांनी २ लाख सुटतात, आजच्या १ लाख ३८ हजारांच्या जागी, आणि भाजायचे ट्रे उलट कमी. भाव न वाढवता तूप कमी करून वनस्पती घालायचा मोह होईल. तसे केलेत तर मग विकायला वेगळे असे काही उरणार नाही.

तीन दुकानदार २५ टक्के कमिशनवर माल मागताहेत, त्यांना थांबवा. ४८० वर त्यांचे कमिशन जाऊन हातात ३६० येतात आणि खर्च ३५०. दहा रुपयांसाठी महिनाभराची उधारी आणि मऊ पडलेला माल परत घ्यायचा. नवा भाव टिकला तर एकालाच, रोखीने द्या.

भट्टी वाढवण्याआधी भाड्याची भट्टी वापरून पाहा. माझ्या लहानपणी दिवाळीआधी आई तूप, साखर, पिठाचे डबे घेऊन बेकरीत रांगेला बसायची आणि भाजणावळ देऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घरी यायचा. आजही पावाच्या भट्ट्या पहाटे तापतात आणि बऱ्याच ठिकाणी दुपारी रिकाम्या असतात. दुपारचे तीन तास मागून बघा. दोन गोष्टी आधी पक्क्या करा. तिथे अंड्याचे केक भाजतात का, कारण तुमच्या डब्यावर हिरवा ठिपका आहे. आणि एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी, कारण ती जागेला धरून असते. घरच्या पत्त्यावरची तिथे चालणार नाही. त्याआधी सासूबाईंच्या शेजारी काटा घेऊन बसा. त्या तूप अंदाजाने घालतात. दुसऱ्याच्या हातून माल करून घ्यायचा तर सगळे ग्रॅममध्ये उतरलेले हवे.

दिवाळी सोडून सलग सहा महिने १५० किलो जाऊ लागले, तर घरामागच्या खोलीत इलेक्ट्रिक डेक ओव्हन आणि पीठ मळायचे यंत्र घ्या. दीड-दोन लाखांत बसवायचा प्रयत्न करा. एवढ्यासाठी सरकारच्या मुद्रा योजनेतले ‘किशोर’ कर्ज आहे, ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत, तारण लागत नाही. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. नवे अर्ज घेताहेत का ते कृषी कार्यालयात विचारा. पण अनुदानाची रक्कम हातात येत नाही. ती बँकेत अडकून राहते आणि कर्ज नीट फेडत राहिलात तर तीन वर्षांनी त्यात वळती होते. अनुदान मोठे मिळावे म्हणून प्रकल्प फुगवून देणारे एजंट भेटतील, त्यांना चहा पाजून वाटेला लावा.

बंगळूरच्या ऑर्डरबद्दल विचारलेत. बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे आणि तुमची ५ लाखांची विक्री जीएसटी नोंदणीच्या ४० लाखांच्या मर्यादेच्या खूप खाली आहे. मात्र राज्याबाहेर माल विकायचा तर विक्री कितीही असो, ही नोंदणी लागते. सध्या पुणे-मुंबईच पुरे.

सगळ्यात घाईचे काम वेगळेच आहे. ज्येष्ठ नागरिक योजना ६० नंतरची असली तरी ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना ती खुली असते, फक्त निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत पैसे भरावे लागतात. यजमानांच्या नावे १५ लाख ठेवा, तिमाहीला ३०,७५० येतील. ५ लाख दुखण्याखुपण्यासाठी एफडीत. उरलेले २ लाख धंद्याचे, आणि ते संपले तर पुन्हा फंडाला हात लावायचा नाही, हे दोघांनी आत्ताच ठरवा.

टोकनचे ११ हजार परत मागा. मालक नाही म्हणाला तर सोडून द्या. गाळ्याचा आठवड्याचा खर्चही त्याहून जास्त आहे.