वाचकांचे प्रश्न : जाहिरातीवरचा क्लिक ही देणगी नव्हे

प्रश्न : शाळकरी मुलांसाठी गणिताची सरावपत्रे तयार करून देणारे एक संकेतस्थळ मी चार वर्षांपासून चालवत आहे. सेवा विनामूल्य आहे आणि ती तशीच राहावी अशी माझी इच्छा आहे. सर्व्हरचा खर्च वाढू लागल्यावर मी जाहिराती घेतल्या आणि त्यांच्या वर एक ओळ लिहिली : ‘ही सेवा उपयोगी वाटली, तर खालच्या जाहिरातीवर एक क्लिक करून आम्हाला हातभार लावा.’ नातेवाईक आणि जुने विद्यार्थी रोज आठवणीने क्लिक करत होते. तिसऱ्या महिन्यात जाहिराती पुरवणाऱ्या कंपनीने माझे खाते बंद केले आणि जमलेली रक्कमही दिली नाही. मी कोणाला फसवले नव्हते. पैसे जात होते ते मोठमोठ्या कंपन्यांच्या खिशातून. यात माझे नेमके काय चुकले?

उत्तर : आपला हेतू स्वच्छ होता याबद्दल शंका नाही, परंतु पैसे कोणाच्या खिशातून जात होते याविषयीची आपली समजूत तपासून पाहावी लागेल. प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजून जाहिरात देणाऱ्यांमध्ये एकट्याने शिकवणी चालवणारे शिक्षक, छोटे दुकानदार आणि नुकताच व्यवसाय सुरू केलेले लोकही असतात. दिवसाला अमुक इतकाच खर्च करायचा, अशी मर्यादा त्यांनी घातलेली असते. आपल्या दहा आप्तांनी सकाळी प्रेमाने दहा क्लिक केले, की अशा एखाद्या जाहिरातदाराचा त्या दिवसाचा पैसा संपतो आणि ज्याला खरोखर शिकवणी हवी होती त्याला ती जाहिरात दिसतच नाही.

क्लिकला किंमत कशी आली हे पाहिले, तर नियम इतका कडक का आहे तेही उलगडते. ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर ‘एटी अँड टी’सारख्या कंपन्यांच्या पट्टीवजा जाहिराती झळकल्या, तेव्हा नियतकालिकातल्या जागेप्रमाणेच तिथली जागा ठरावीक काळासाठी विकली गेली होती. १९९८ मध्ये ‘गोटू डॉट कॉम’ या शोधयंत्राने शोधशब्दांचा, म्हणजे लोक शोधताना लिहितात त्या शब्दांचा, लिलाव मांडला आणि जाहिरात दिसल्याचे नव्हे, तर ती दाबली गेल्याचे पैसे घेण्यास सुरुवात केली. गूगलने २००० मध्ये आपली जाहिरात योजना आणली, तेव्हा आकारणी जाहिरात हजार वेळा दिसण्यावर होती. प्रतिक्लिक आकारणी २००२ मध्ये आली आणि २००३ पासून त्याच जाहिराती इतरांच्या संकेतस्थळांवर लावण्याची सोय झाली. या सगळ्या प्रवासात जाहिरातदार एकच गोष्ट विकत घेत आला आहे : समोरचा माणूस आपण होऊन, काही हवे आहे म्हणून आत आला, ही शक्यता. ती नसेल, तर क्लिकमध्ये विकण्यासारखे काहीच उरत नाही.

आपल्या आप्तांनी नेमकी तीच शक्यता काढून घेतली. त्यांनी क्लिक केला, पुढचे पान उघडण्याची वाटही न पाहता ते परतले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. असे वर्तन यंत्राच्या सहज लक्षात येते, कारण क्लिकनंतर काय घडले याची माहिती अनेक जाहिरातदार कंपनीला पुरवत असतात. शिवाय, समजा हे कधीच उघडकीस आले नसते, तरी फायदा झाला नसता. ज्या संकेतस्थळावरून आलेल्या क्लिकमधून खरेदी होत नाही, तिथल्या क्लिकचा दर आपोआप कमी करण्याची पद्धत गूगलने २००४ मध्येच सुरू केली होती. म्हणजे मदतीचे क्लिक जितके वाढतील, तितकी खऱ्या क्लिकची किंमतही घसरत जाते.

जाहिरातींवर क्लिक करण्याची विनंती करू नये, ही अट अशा बहुतेक करारांत स्पष्टपणे लिहिलेली असते. गूगलच्या नियमांनुसार तर जाहिरातींच्या वर ‘जाहिराती’ किंवा ‘प्रायोजित दुवे’ अशा अर्थाचेच शीर्षक चालते. ‘आम्हाला मदत करा’ हे तीन निरागस शब्दही चालत नाहीत. रोखलेली रक्कम सहसा जाहिरातदारांना परत केली जाते, त्यामुळे तिची आशा सोडावी हे बरे. फेरविचाराचा अर्ज मात्र जरूर करावा आणि त्यात ती ओळ आपणच लिहिली होती हे सरळ मान्य करावे. तांत्रिक बिघाडाची कहाणी रचण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो ऐकू नये.

आता खर्चाचा मूळ प्रश्न. महिन्याला आपली पाने वीस हजार वेळा उघडली जातात आणि दोनशेत एक जण क्लिक करतो असे धरले, तर शंभर क्लिक होतात. त्या शंभरांची जी किंमत येईल, तिच्यातून मधल्या कंपनीचा वाटा जातो. गूगलच्या अशा योजनेत संकेतस्थळ चालवणाऱ्याकडे साधारण ६८ टक्के येतात आणि २०२४ च्या सुरुवातीपासून तेही बहुतांशी क्लिकवर नव्हे, तर जाहिरात किती वेळा दिसली यावर मोजले जातात. त्यातही दोनशेत एक हे प्रमाण आपल्या बाबतीत उदारच ठरेल. शोधयंत्राकडे येणारा माणूस काहीतरी शोधत असतो आणि पुष्कळदा ते विकत घेण्याच्याच विचारात असतो. आपल्याकडे येणारी आई मात्र अपूर्णांकांचे सरावपत्र छापते आणि निघून जाते. सेवा जितकी चोख, तितका माणूस लवकर जातो, आणि जाहिरातीचे उत्पन्न तितके कमी. माझ्या मते आपल्यासारख्या सेवेला क्लिकवर जगवण्याचा प्रयत्नच चुकीच्या जागी आहे.

त्याऐवजी एकच प्रायोजक शोधावा, त्याच्याशी सहा महिन्यांची किंवा वर्षाची ठरावीक रक्कम ठरवावी आणि प्रत्येक सरावपत्राच्या तळाशी ‘या सेवेचे प्रायोजक’ म्हणून त्याचे नाव छापावे. अभ्यासाची पुस्तके किंवा लेखनसाहित्य तयार करणाऱ्याला मुलांच्या पालकांसमोर नाव दिसण्याचे मोल असते, मग त्यावर कोणी क्लिक करो वा न करो. छापलेल्या कागदावर तसाही क्लिक होत नाही, पण नाव घरात राहते. प्रायोजकाला आकडे सांगताना संकेतस्थळांवर आपोआप फिरणाऱ्या संगणक प्रणालींच्या (बॉट्सच्या) भेटी वगळाव्यात आणि किती सरावपत्रे प्रत्यक्ष उतरवून घेतली गेली तो आकडा आधी सांगावा. तो लहान असला तरी जास्त विश्वासार्ह आहे. मुले वापरत असलेल्या सेवेत वापरणाऱ्याचा माग काढणाऱ्या जाहिराती नसणे, हा या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. अनेक देशांत त्यासंबंधीचे कायदे आहेत. अमेरिकेचा तेरा वर्षांखालील मुलांच्या माहितीविषयीचा कायदा १९९८ चा आहे.

प्रश्न : जर क्लिकची विनंती करणे गैर आहे, तर ‘एक क्लिक करा, प्रायोजक भुकेल्यांना अन्न देतील’ असे सांगणारी संकेतस्थळे कशी चालतात? तीही फसवणूकच म्हणावी काय?

उत्तर : नाही, आणि फरक बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘द हंगर साइट’वर पाहुणा जे बटण दाबत असे ते जाहिरातीचे नव्हते, ते संकेतस्थळाचे स्वतःचे होते. ते दाबल्यावर पुढच्या पानावर प्रायोजकांची नावे दिसत आणि प्रत्येक पाहुण्यामागे अन्नासाठी ठरलेली रक्कम देण्याचे प्रायोजकांनी आधीच कबूल केलेले असे. एका व्यक्तीचा दिवसाला एकच क्लिक मोजला जाई. त्याच संस्थापकाने २००७ मध्ये ‘फ्रीराइस’ हा शब्दार्थांचा खेळ काढला. बरोबर उत्तरामागे तांदळाचे दहा दाणे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाला मिळत आणि पैसे पानावर दिसणाऱ्या जाहिरातींतून येत. खेळणाऱ्याला जाहिरात दाबण्याची गरजच नव्हती. पैसे देणाऱ्याला लोक कशासाठी क्लिक करत आहेत हे ठाऊक होते आणि तेच त्याने विकत घेतले होते. पहिल्या प्रश्नातल्या जाहिरातदाराला मात्र ग्राहक येतो आहे असे वाटत होते आणि प्रत्यक्षात शुभेच्छुक येत होते.

प्रश्न : एका प्रायोजकाने आमच्या विनामूल्य सेवेचा वर्षभराचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली आहे. अट एवढीच, की त्याच्या उत्पादनाची स्तुती आमच्या नेहमीच्या मजकुरात दुव्यासह यावी आणि ती प्रायोजित आहे असे कुठेही लिहू नये. काय करावे?

उत्तर : नकार द्यावा. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यावर तशी खूण असावी अशी शोधयंत्रांची अपेक्षा असते आणि गूगलने २०१९ मध्ये त्यासाठी ‘प्रायोजित’ अशा अर्थाची स्वतंत्र खूणच ठरवून दिली आहे. ती टाळणाऱ्यांची शोधातली जागा घसरू शकते. प्रायोजकाला उघड नाव चालत असेल, तर तीच रक्कम त्याच्याकडून चौकटीतल्या जाहिरातीसाठी मागून पाहावी. उत्तर ‘नाही’ असे आले, तर तो आपला मजकूर नव्हे, वाचकांचा आपल्यावरचा विश्वास विकत घेऊ पाहत होता असे समजावे.

प्रश्न : जाहिरातींशिवाय विनामूल्य सेवा टिकूच शकत नाही, हे खरे आहे काय?

उत्तर : विकिपीडिया वाचकांच्या देणग्यांवर चालतो. तिथे जाहिराती येतील अशा नुसत्या शंकेने २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियाचे अनेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा ज्ञानकोश सुरू केला. ‘ऑपेरा’ या ब्राउझरने आधी खिडकीतच जाहिरात दाखवून विनामूल्य आवृत्ती दिली. २००५ मध्ये ती पट्टी काढली, कारण शोधयंत्राकडून मिळणारे उत्पन्न पुरेसे झाले होते. ‘क्रेगलिस्ट’ या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर बहुतेक सूचना फुकट छापल्या जातात, मात्र कित्येक शहरांत नोकरीची जाहिरात देणाऱ्याला शुल्क पडते. म्हणजे मार्ग आहेत, परंतु प्रत्येक मार्गाला मोठी वर्दळ किंवा फार निष्ठावान वाचक लागतात. आपल्याकडे यातले काय आहे हे वर्षभराच्या नोंदी पाहून ठरवावे आणि तोवर सर्व्हरचा आकार गरजेपुरता लहान ठेवावा.