गुणाकारातला पीळ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून प्रश्न आलाय: ‘गुणलं की संख्या वाढते. मग दोन सदिशांचा गुणाकार शून्य कसा येतो? आणि तो करायचाच कशाला?’

सदिश म्हणजे मापाबरोबर दिशाही असलेली राशी, जसा जोर. आणि गुणलं की वाढतं, हे कुणी सांगितलं? अर्ध्यानं गुणून बघा. त्याहून डोकं फिरतं ते सदिशांच्या या गुणाकाराला, म्हणजे क्रॉस प्रॉडक्टला, ‘तिरकस गुणाकार’ म्हणणाऱ्यांमुळे. तिरकस गुणाकार अपूर्णांकांचा. इथं उत्तरालाही दिशा असते, म्हणून सदिश गुणाकार. नुसती संख्या आली तर अदिश. पुढं चला.

गंमत आहे ती ‘गुण’मध्ये. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पेड, दोरी. धनुष्याची दोरीसुद्धा गुणच. द्विगुण म्हणजे दुपेडी, त्यातून दुप्पट. ‘गुणांना आकार येतो तो गुणाकार’ असं व्याख्यानातून सांगून टाळ्या घेणाऱ्यांनी एकदा कोश उघडावा. संस्कृत शब्द गुणकार आहे, त्यात आकार कुठला? भागाकारही मुळात भागहार. गुणाकाराच्या संगतीत त्याचा ‘ह’ गेला, असं माझं मत. यावर एका निवृत्त गुरुजींनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत.

आता पेड हातात घ्या. दोन पेड नुसते शेजारी समांतर ठेवले तर दोर होतो का? नाही. एकावर एक आडवे घालून वळले की पीळ भरतो. वळायचा क्रम उलटा केला की पीळ उलटा. सदिश गुणाकार अगदी असाच: समांतर असले की शून्य, क्रम बदलला की चिन्ह बदलतं! लीलावती ११५० ची, सदिश १९व्या शतकातले, त्यामुळे भास्कराचार्यांच्या मनात हे नव्हतं, कबूल. पण शब्दाच्या पोटात होतं, हे मी सोडणार नाही. सुंभ जळेल, पीळ नाही. १८४३ साली गणिती हॅमिल्टनच्या क्वाटर्निअनमध्ये, म्हणजे चार घटकांच्या संख्यांमध्ये, सदिश आणि अदिश हे दोन्ही गुणाकार एकात एक गुंतले होते. पुढं गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी ते पेड सोडवले.

हां, कशाला करायचा ते राहिलंच. उद्यमनगरातल्या कारखान्यांत कुणालाही विचारा. ०.३ मीटरच्या पान्याच्या टोकाला काटकोनात १०० न्यूटन जोर लावला तर नट फिरवणारा पीळ ३० न्यूटन-मीटर. पान्याशी ३० अंशांचा कोन केला तर तोच जोर निम्मा पीळ देतो, १५. (अदिश गुणाकार वेगळं विचारतो: गाडा ढकलताना जोरातला किती त्याच्या सरकण्याच्या दिशेनं कामी आला?) आणि पान्याच्या दांड्याच्याच रेषेत ढकलत बसलात तर घाम निघेल, नट हलणार नाही. तेच तुमचं शून्य.