वाकळ आणि डॉलीचा कोट

प्रिय सई,

परवा अटलांटाहून परत येताना गाडीत तू विचारलंस, "आई, आजीने बाळासाठी वापरलेले कपडे का पाठवले? नवीन घ्यायला पैसे नव्हते का?" मी म्हटलं, "आपल्यात तशी पद्धत असते गं," आणि मग चटानूगा येईपर्यंत गाडीत कुणीच काही बोललं नाही.

तू वाईट मनाने विचारलं नव्हतंस, हे मला माहीत आहे. सुमामावशीचं बाळ एवढंसं, त्याला ती गोधडी गुंडाळताना तुला काळजीच वाटली असेल. पण मला लागलं ते. का लागलं ते गाडी चालवता चालवता सांगता येईना, म्हणून लिहितेय. वाचताना कुठे अडलीस तर बाबाला विचार.

मागच्या एप्रिलमध्ये आपण डॉलीवुडच्या थीम पार्कला गेलो होतो. तिथल्या संग्रहालयात गायिका डॉली पार्टनच्या तुकड्यातुकड्यांच्या कोटासमोर तू काचेला नाक लावून उभी होतीस. आम्ही पुढच्या दालनात पोचलो तरी तू तिथेच. "तिच्या आईने हाताने शिवलाय," असं तूच मला सांगितलंस. अगं, आजीच्या पार्सलमध्येही तेच होतं. दहा घरच्या कापडांचे तुकडे आणि आईच्या हातचे टाके. तिथे पाहून तुझे डोळे भरून आले आणि इथे तुला ते वापरलेलं वाटलं. तुझी चूक नाही यात. त्या कोटाची गोष्ट तुला कुणीतरी गाऊन सांगितली होती. आपल्या वाकळेची मी कधी सांगितलीच नाही.

डॉलीचं गाव आपल्या नॉक्सव्हिलपासून तासाभरावर, सेव्हिअर काउंटीच्या डोंगरात. लिटल पिजन नदीकाठच्या एका खोलीच्या लाकडी घरात 19 जानेवारी 1946 ला ती जन्मली. बारा भावंडांतली चौथी. बाळंतपणाला आलेल्या डॉक्टरांना द्यायला वडिलांकडे पैसे नव्हते, तर त्यांनी मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कोरेगावचं घर आठवलं. आमच्याकडे सुताराचं आणि न्हाव्याचं वर्षाचं बलुतं असंच धान्यात जायचं. सुगी झाली की जिजी, म्हणजे माझी आजी, ओसरीवर बसून मापाने ज्वारी घालायची.

डॉली शाळेत जायची तेव्हा थंडीला अंगात घालायला कोट नव्हता. कुणीकुणी दिलेल्या तुकड्यांतून तिची आई एव्ही ली हिने कोट शिवला, आणि शिवता शिवता बायबलमधल्या योसेफाच्या रंगीबेरंगी झग्याची गोष्ट सांगितली. पोरगी तोऱ्यात शाळेत गेली. मुलं हसली.

एवढीच गोष्ट. पण 1969 मध्ये डॉली कंट्री गायक पोर्टर वॅगनरच्या ताफ्यात गात होती, तेव्हा बसमध्ये तिला हे गाणं सुचलं आणि लिहायला कागद सापडेना. पोर्टरचे चमचमते सूट धुऊन आले होते. त्यांच्या ड्रायक्लीनिंगच्या पावतीच्या पाठीवर तिने ते उतरवून काढलं. 'कोट ऑफ मेनी कलर्स' 1971 मध्ये आलं. तिने स्वतःच्या हिशेबाने 3,000 गाणी लिहिलीत, आणि त्यातलं हे आपलं सर्वांत आवडतं, असं ती सांगत आली आहे.

आता आपलं.

जिजी उन्हाळ्यात शेतातली कामं थांबली की वाकळ शिवायला घ्यायची. ओसरीवर तिचं जुनं नऊवारी अंथरायचं. वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर तांब्या, वरवंटा, अडकित्ता, जे हाताला लागेल ते. त्यावर तुकडे लावायचे, जाडंभरडं आत आणि मऊ वर. मग कडेकडेने धावदोरा घालत मध्याकडे यायचं. तिला जवळचं दिसायचं नाही, म्हणून सुया ओवून द्यायचं काम माझं. मी पाच-सहा सुया एकदम ओवून ठेवायची आणि ती त्या अंबाड्यात खोचायची. प्रत्येक तुकड्याशी थांबून ती सांगायची. हे तात्यांचं धोतर, हेच नेसून ते पंढरीला गेले होते. हे सुमीच्या बारशातलं झबलं. हा निळा तुझ्या शाळेच्या फ्रॉकचा, कैरीचा डाग गेलाच नाही बघ. शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून तो शिवून टाकायची. वाकळ उपाशी राहू नये म्हणायची.

बाळाला पहिल्या दिवसापासून जुन्यातच गुंडाळायचं, नवं थेट बारशाला. नव्या कापडाला खळ असते, ती कोवळ्या कातडीला टोचते. शंभर वेळा धुतलेल्या सुती लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नसतं, आणि ते ओल चटकन शोषून घेतं. दृष्ट लागू नये म्हणूनही करतात. जिजी यातलं काहीच सांगायची नाही. ती म्हणायची, पोर आलंय तर घरातल्यांनी त्याला आधी जवळ घ्यायला नको का? जे हयात नाहीत त्यांनीसुद्धा.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांना पाणी येतंय. पण याच वाकळेची मला एकेकाळी लाज वाटली आहे, आणि तेही तुला कळायला हवं.

मी अठराव्या वर्षी इंजिनिअरिंगला गेले, वसतिगृहात. खोलीतल्या बाकी दोघींकडे सोलापुरी चादरी होत्या, एकीकडे मखमली ब्लँकेट. मी वळकटी सोडली तेव्हा एकीने विचारलं, "हे काय, गोणपाट?" त्या रात्री मी वाकळ ट्रंकेत घातली आणि ट्रंक कॉटखाली ढकलली. डिसेंबरात स्वेटरवर स्वेटर घालून झोपायची. दिवाळीनंतर तुझे आजोबा भेटायला आले होते. मी त्यांना म्हटलं, फार गारठा असतो, ब्लँकेट घ्यायला पैसे द्या. "वाकळ कमी पडते होय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. परतीच्या एसटीच्या तिकिटापुरते ठेवून त्यांनी बाकीचे सगळे काढून दिले.

संक्रांतीला ते पुन्हा आले, जिजीने शिवलेली दुसरी वाकळ घेऊन. पहिलीपेक्षा दुप्पट जाड. एक कमी पडते, एवढंच तिला कळलं होतं ना. हिवाळ्यात, चष्म्याशिवाय, सुया ओवून द्यायला मी जवळ नसताना तिने ती शिवली होती. टाके वाकडेतिकडे गेले होते.

आपल्या कपाटात वर आहे ती हीच.

इकडे आल्यावर पहिल्या वर्षी मी ती धुवायला खाली लाँड्रीत नेली. मशीनमध्ये टाकायचा धीर होईना. फाटली तर? मी ती मांडीवर घेऊन बसले होते आणि भिंतीवरच्या रेडिओवर डॉलीचं ते गाणं लागलं. तेव्हा इथले उच्चार मला अर्धेच कळायचे. चिंध्या, आई, शिवण, शाळेतली मुलं, एवढं कळलं आणि पुरलं. न धुताच परत वर आणली. पुढे मी टबमध्ये हाताने धुतली, तेव्हापासून तशीच धुते.

(डॉलीला तिचा नवरा अशाच एका लाँड्रीबाहेर भेटला, 1964 मध्ये, शाळा संपवून नॅशव्हिलला आली त्याच दिवशी. 2025 मध्ये कार्ल डीन गेले तोवर जवळजवळ एकोणसाठ वर्षं संसार झाला होता. तुला हे आवडेल म्हणून सांगितलं.)

त्यानंतर मी तिचं मिळेल ते वाचत आणि ऐकत गेले. दहा वर्षांची असल्यापासून नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर गायची, तेराव्या वर्षी नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या नावाजलेल्या कार्यक्रमाच्या मंचावर उभी राहिली, पुढे सात वर्षं पोर्टरच्या कार्यक्रमात. पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती एल्विसची गोष्ट. पोर्टरचा निरोप घेताना तिने 'आय विल ऑलवेज लव्ह यू' लिहिलं होतं. ते एल्विस प्रेस्लीला गायचं होतं. सगळं ठरत आलं आणि त्याच्या व्यवस्थापकाने गाण्याचे निम्मे हक्क मागितले. एल्विसला नाही म्हणणारं त्या काळात कोण होतं? ती नाही म्हणाली. रात्रभर रडली, पण हक्क दिले नाहीत. 1992 मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, अमेरिकेत सलग 14 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं, आणि गाणं तेव्हाही डॉलीचंच होतं.

आमच्या गल्लीत भांडीवाली यायची. जुन्या लुगड्यांवर स्टीलची भांडी. बायका घासाघीस करायच्या, दोन लुगडी आणि एका शर्टावर पातेलं. जिजीच्या फडताळात धड झाकणाचं एक पातेलं नव्हतं, तरी लुगडं म्हणून तिने कधी दिलं नाही. एकदा भांडीवाली मोठा डबा पुढे करून उन्हात अर्धा तास बसली होती. जिजीने तिला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि लुगडं घडी करून आत नेलं. मला त्या वेळी राग आला होता. डबा छान होता.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर अजून दिलं नाही. जिजीकडे नवीन घ्यायला पैसे नव्हते. हो, सई. नव्हतेच. आपल्या कितीतरी पद्धती अशाच पैसे नसण्यातून आल्या असतील, आणि आम्ही मागाहून त्यांना छान कारणं जोडली असतील. हे मी आजीसमोर म्हणणार नाही, पण मला तसं वाटतं खरं. डॉलीच्या गाण्याच्या शेवटी येतं की माणूस स्वतः ठरवतो तेव्हाच गरीब होतो. इथे माझं आणि तिचं पटत नाही. जिजीच्या बोटांना हिवाळ्यात भेगा पडायच्या, त्यात सुई टोचून रक्त यायचं. तिने काही ठरवलं नव्हतं.

पण मला वाटतं डॉलीलाही हे पक्कं ठाऊक आहे. 2016 च्या नोव्हेंबरात तिच्याच काउंटीतल्या गॅटलिनबर्गच्या डोंगरात वणवा पेटला, तेव्हा ज्यांची घरं जळाली त्या प्रत्येक कुटुंबाला तिच्या संस्थेने महिन्याला 1,000 डॉलर दिले, सहा महिने. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून 1995 मध्ये तिने आपल्या काउंटीतल्या मुलांना दर महिन्याला घरपोच पुस्तक पाठवायला सुरुवात केली. 2004 पासून ती पुस्तकं सगळ्या टेनेसीत जाऊ लागली, आणि आता जगभरात मिळून 20 कोटींहून जास्त पुस्तकं गेली आहेत. तुझी ती डोंगर चढणाऱ्या छोट्या इंजिनाची गोष्ट आठवते ना, पानं चावलेली? तुझ्या नावाने घरात आलेलं ते पहिलं टपाल. पाच वर्षांची होईपर्यंत महिन्याला एक येत राहिलं. जिजी कागदावर अंगठा उठवायची. फोनवर तिला मी सांगितलं, की इथली एक गाणारी बाई तुझ्या पणतीला फुकट पुस्तकं पाठवते. ती म्हणाली, "तिच्या आईला माझा नमस्कार सांग." डॉलीची आई 2003 मध्येच गेली होती. मी बरं म्हटलं.

आणि तुझी आजी. तिच्याकडे पैसे होते. ती सातारला जाऊन दुकानातली मऊ मऊ ब्लँकेटं बघून आली होती, मला फोटोसुद्धा पाठवले होते. मग घरी येऊन तिने जिजीचं शेवटचं इरकली लुगडं कापलं. मागच्या वर्षी तिने माझ्याकडून तुझा बालवाडीतला पिवळा फ्रॉक मागवून घेतला होता. कशाला ते मी विचारलं नव्हतं. बाळाच्या गोधडीत दुसऱ्या ओळीत, डावीकडून तिसरा. सुमामावशीला फोन केलास तर ती दाखवेल.

तू हे सगळं पुढे चालवावंस असं मी म्हणत नाही. खरंच नाही. तुझ्या बाळाला तू काय गुंडाळशील ते तुझं तू बघशील, आणि ते दुकानातलं असलं तरी मी त्याला तितक्याच आनंदाने मांडीवर घेईन. माझ्या मनात कुठेतरी इच्छा आहे, ती लपवता येत नाही एवढंच. तुझ्या वयाची असताना मला कुणी असं पत्र लिहिलं असतं, तर मी ते अर्धं वाचून ठेवून दिलं असतं. तसं केलंस तरी चालेल.

शनिवारी ऊन आहे असं दाखवतंय. कपाटातली वाकळ काढून मागच्या कठड्यावर टाकणार आहे. ओली नसली तरी भारी जड आहे, एकट्याने झटकता येत नाही, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. तुझा पोहण्याचा क्लास दहापर्यंत आहे. उशीर झाला तर बाबा धरेल.

तुझी,
आई