रीसस माकडाचा एएलपी 480 आला, म्हणजे यकृत बिघडले का?

दोन वर्षांच्या रीसस माकडाच्या रक्ताच्या अहवालात एएलपी (यकृत आणि हाडांतून रक्तात येणारे विकर, म्हणजे एन्झाइम) 480 आणि युरिक ॲसिड 0.3 आले, दोन्हींपुढे मर्यादेबाहेर असल्याची खूण आहे आणि म्हणून यकृताची शंका आहे, असा तुमचा प्रश्न आहे. मी प्राणिगृहात पशुवैद्य म्हणून काम करतो आणि असे अहवाल नेहमी पाहतो. तुमचा नमुना बहुधा माणसांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत गेला असावा, कारण त्या खुणा माणसाच्या मर्यादेवरून पडलेल्या दिसतात.

दोन वर्षांच्या रीससची हाडे जोमाने वाढत असतात आणि एएलपीचा मोठा भाग हाडांतून येतो, त्यामुळे या वयात तो काहीशे युनिटपर्यंत असणे अपेक्षितच असते व प्रौढपणी तो उतरतो. हाडांच्या वाढीने जीजीटी (यकृत व पित्तमार्गाचे विकर) आणि बिलिरुबिन (पित्तातील पिवळे द्रव्य) वाढत नाहीत; ते दोन्ही रीससच्या मर्यादेत असतील, तर केवळ एएलपीवरून यकृताचा संशय घेऊ नये. युरिक ॲसिडचे तर उलट आहे. माणूस आणि वानरकुळातील चिंपांझी, गोरिला यांनी युरिक ॲसिड मोडणारे युरिकेज हे विकर गमावले आहे. रीसस ज्यांत मोडते त्या मकाक माकडांत ते अजून काम करते, म्हणून त्यांचे युरिक ॲसिड सहसा डेसीलिटरमागे 1 मिलिग्रॅमच्याही खाली असते.

खरी फसगत सीके (स्नायू व हृदयातील विकर), एएसटी (यकृत व स्नायू दोन्हींतील विकर) आणि ग्लुकोज यांत होते. माकड पकडताना झटापट झाली किंवा केटामाइन हे गुंगीचे औषध स्नायूत टोचले, की सीके हजाराच्या वर जाऊ शकतो. सुरुवातीच्या काळात अशाच आकड्यावरून मी एका धडधाकट मादीच्या हृदयाची चिंता करत बसलो होतो. घाबरल्याने ग्लुकोज चढते, तर सीरम वेगळे न करता नळी तशीच ठेवली, तर ते तासाला साधारण 5 ते 7 टक्के घटते. नमुना लालसर दिसत असेल, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर पोटॅशियम आणि एएसटीवर मी विश्वास ठेवत नाही.

शिवाय संदर्भमर्यादा निरोगी प्राण्यांपैकी मधल्या 95 टक्क्यांची असते. परस्परांशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या केल्या, तर निरोगी माकडाचीही किमान एक चाचणी मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के निघते. म्हणून छापील तक्त्याआधी मी त्याच माकडाचे जुने अहवाल काढतो. तुमच्याकडे ते नसतील, तर दोन-तीन आठवड्यांनी त्याच वेळी, उपाशीपोटी आणि त्याच गुंगीच्या औषधाखाली नमुना पुन्हा घ्या, आणि सोबत जीजीटी नक्की मागवा.