लकवा नेमका कशाला म्हणायचं?

प्रश्न असा आला आहे : यवतमाळकडच्या आमच्या गावात कोणाचा हात-पाय गेला की 'लकवा मारला' म्हणतात. पेपरात अर्धांगवायू छापतात, डॉक्टरांच्या कागदावर पक्षाघात असतो. तिन्ही एकच का?

आजच्या बोलण्यात एकच. मुळात नाहीत. लकवा हा अरबी शब्द आणि तिथे तो फक्त चेहऱ्याचा : तोंड एका बाजूला वाकडं होणं. अर्धं अंग गेलं तर अरबीत त्याला 'फालिज' म्हणतात. तो शब्द आपल्याकडे रुळला नाही, आणि लकवाच चेहऱ्यावरून हातापायांपर्यंत उतरला.

हा भेद मला शेजारच्या बुढीमुळे कळला. सकाळी चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळून लुगड्यावर सांडू लागला. घरात एकच ओरड, "बुढीले लकवा मारला!" सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "माय, भुवया वर कर. आता डोया मिट." कपाळावर एका बाजूला आठीच पडेना, डोळा मिटेना. हात-पाय मात्र शाबूत. चेहऱ्याची नस सुजली होती. मेंदूतल्या झटक्यात (स्ट्रोकमध्ये) कपाळ सहसा वाचतं, कारण त्याला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. म्हणजे बुढीचा लकवा शब्दाच्या मूळ अर्थानेही लकवाच होता!

पक्षाघातातला 'पक्ष' म्हणजे बाजू. शुक्ल पक्षात महिन्याची, इथे शरीराची. अर्धांगवायूतही तेच अर्धं अंग, फक्त दोष वायूला दिलेला. दोन्ही पाय गेले तर शब्द अधरांगघात, अधर म्हणजे खालचा. एका 'र'ची जागा बदलली की अर्धांग होतं, म्हणून लिहिताना जपा. पूर्व विदर्भात दुष्काळात महिनोन्‌महिने लाखोळीच्या डाळीवर काढलेल्यांचे पाय असे ताठून जात.

'मारला' हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. आजार हळूहळू 'होतो', हा घाव एका क्षणात बसतो. पण १०८ ला फोन लावाल तेव्हा नुसतं 'लकवा' म्हणून थांबू नका. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं आणि हे किती वाजता सुरू झालं, तेवढं सांगाच. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.